दारावरचा काळा चिकट थर: तो का सुटतो आणि कसा काढायचा

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की आपल्याकडे बॉनेट उघडतात, टायरची नक्षी बघतात, चॅसी नंबर ताडून घेतात. दार आतून ओढायच्या हँडलवर बोट दाबून मात्र कुणी बघत नाही. गाडी घरी आल्यावर कळतं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळा डाग पडतो, बोटांना काहीतरी चिकट लागतं, काचेच्या बटणांभोवतीच्या पट्टीवर नखांचे ओरखडे दिसतात आणि त्या ओरखड्यांच्या आत वेगळ्याच रंगाचं प्लास्टिक डोकावतं.

वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, मळ आहे, शाम्पूनं जाईल. जात नाही. ॲक्सेसरीच्या दुकानात सांगतात, प्लास्टिक वितळलंय, अख्खं पॅड, म्हणजे दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण, बदला. तेही खरं नाही. प्लास्टिक बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो त्याच्यावर फवारलेला रंगाचा पातळ थर. हा थर एकदा बिघडला की कुठल्याही पॉलिशनं पूर्वीसारखा होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. काढणं घरच्या घरी जमतं. फक्त कशावर काय चोळायचं हे आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर थराबरोबर खालचं पॅडही हातचं जातं.

हा थर कशाचा असतो

गाडीच्या आतले बरेचसे भाग साच्यात घडवलेल्या कडक प्लास्टिकचे असतात. टिचकी मारली तर टकटक वाजतं, उन्हात चकाकतं. खरं लेदर किंवा फोम बसवायचा तर खर्च वाढतो. म्हणून कारखान्यात त्याच प्लास्टिकवर एक खास रंग मारतात, म्हणजे ते हाताला मऊ आणि डोळ्याला मखमली वाटतं. यालाच सॉफ्ट-टच कोटिंग म्हणतात.

हा पॉलियुरेथेनचा रंग. पॉलियुरेथेनची रसायनविद्या जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये विकसित केली. गादीतला फोम, बुटाचे तळवे, सुतार फर्निचरवर मारतात ते पीयू पॉलिश ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. रंग दोन भागांत येतो. एकात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट. दोन्ही मिसळले की रेणूंच्या लांब साखळ्या तयार होतात आणि एकमेकींत गुंततात. त्या साखळ्यांमध्ये लवचिक तुकडे जास्त ठेवले तर वाळलेला थर बोटाखाली किंचित दबतो. त्यात सिलिकासारखी बारीक पूड घातली की चकाकी मरते. थराची जाडी साधारण ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी. आपण बोटानं अनुभवतो ती सगळी श्रीमंती एवढ्याशा जाडीत असते.

१९९० नंतर या थराची फॅशनच आली. दुर्बिणी, टॉर्च, कॉम्प्युटरचे माउस, छत्रीच्या मुठी, सगळ्यांवर तो चढला, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू आज कपाटात चिकट होऊन पडल्या असतील. २००० च्या दशकातल्या फेरारी गाड्यांची चिकट झालेली बटणं तर जगभर प्रसिद्ध आहेत. ती साफ करून देणं हा परदेशात वेगळा धंदाच होऊन बसला. तेव्हा आपली गाडी स्वस्तातली म्हणून असं झालं, अशी खंत करायचं कारण नाही.

चिकट का होतो

पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की पापड सर्दावतो. थराचंही हवेतल्या ओलाव्यामुळेच होतं. फरक एवढाच की पापड उन्हात टाकला की परत कडक होतो, कारण त्यात पाणी नुसतंच शिरलेलं असतं. थरात शिरलेलं पाणी साखळ्या तोडतं. तुटलेली साखळी वाळवून जुळत नाही.

नेमकं तुटतं काय? मऊ थरासाठी वापरलेलं पॉलिऑल बऱ्याचदा पॉलिएस्टर जातीचं असतं. त्यात एस्टर नावाचे जोड ठरावीक अंतरावर असतात. पाण्याचा रेणू त्या जोडावर आला की जोड फुटतो, एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अल्कोहोल तयार होतं. यालाच जलविच्छेदन म्हणतात. खरी गोम पुढे आहे. तयार झालेलं आम्ल पुढचे जोड फुटायला मदत करतं. जितके जास्त जोड फुटतील तितकं आम्ल जास्त, आणि जितकं आम्ल जास्त तितके जोड लवकर फुटतात. म्हणून कितीतरी वर्षं थराला काही होत नाही आणि मग एखाद्या पावसाळ्यात बघता बघता सगळं दार चिकट होतं. लोकांना वाटतं, परवा वापरलेल्या शाम्पूनं केलं. शाम्पू बिचारा निमित्ताला.

याला उष्णता जोर देते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी असेल तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर सहज जातो. भरीला उन्हातले अतिनील किरण, हाताचा घाम आणि तेलकटपणा.

आपल्या बेळगाव भागात हा सगळा मसाला एका जिल्ह्यात मिळतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर गाडीच्या काचांना आतून वाफ धरते, सीटखालच्या चटया वाळत नाहीत. अथणी, रायबागकडे पाऊस कमी, पण ऊन असं की स्टीअरिंगला हात लावता येत नाही. बेळगाव शहरात दोन्हीचा थोडा थोडा वाटा. त्यात आपल्याकडे चोर्ला घाट चढून गोवा पासिंगच्या गाड्या विकायला येतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बारा महिने राहिलेली गाडी पत्र्याला गंजली नसली तरी तिचं दार आतून दाबून बघावं. माझ्या मते अशा गाडीत पत्र्याइतकाच हा थरही तपासायच्या यादीत असायला हवा. गाडी त्यासाठी नाकारायची नाही, पण भाव करताना दाखवायला हरकत नाही.

अलीकडच्या काही थरांत पॉलिएस्टरऐवजी पॉलिकार्बोनेट जातीचं पॉलिऑल वापरतात. ते ओलाव्याला जास्त दाद देत नाही. त्यामुळे नव्या गाड्यांत ही कटकट उशिरा उपटेल असं म्हणता येतं.

चिकटणं वेगळं, पापुद्रे सुटणं वेगळं

कधी थर चिकट होत नाही. कोरडाच राहतो, पण त्याचे पापुद्रे निघतात. हे दुखणं निराळं. इथे थर आतून सडलेला नसतो, त्याची खालच्या प्लास्टिकवरची पकड सुटलेली असते. पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लास्टिक तर मुळातच रंग धरायला नाखूश असतं. तेलकट ताटावर पाणी टिकत नाही तसा त्याच्यावर रंग पसरत नाही, म्हणून कारखान्यात आधी ज्योतीनं त्याचा पृष्ठभाग तयार करतात किंवा पकड धरणारं खास प्रायमर मारतात. त्यात कुठे कमी राहिली तर पुढे तिथूनच सुरुवात होते. एखादी कडा नखानं, अंगठीनं, बांगड्यांच्या घासण्यानं उचलली जाते आणि मग तिथून घाम आत शिरत राहतो. मागच्या सीटच्या दाराचं हँडल बघा, पापुद्रे बहुधा बोटं वळवून धरायच्या आतल्या बाजूलाच सुरू झालेले असतात.

२०२० नंतर यात सॅनिटायझरची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीप्रमाणे सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ओल्या हातानं दार ओढायचं, पुन्हा हात चोळायचे, पुन्हा दार ओढायचं. पुढे बघालच की हा थर काढायला आपण जे द्रव्य वापरणार आहोत तेही हेच. सनस्क्रीन आणि डीट हे द्रव्य असलेली डासांची मलमंही अशा थरांना आणि काही प्लास्टिकना बाधतात.

कुठलं दुखणं आहे ते ओळखायला साधी चाचणी पुरते. अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलताना त्वचा ओढली गेली आणि ठसा उमटला तर थर सडलाय. ठसा नाही, पण चिकटपट्टी लावून झटक्यात ओढल्यावर तिच्यावर काळे कपचे आले तर पकड सुटलीय. दोन्ही एकाच दारावर असू शकतं, कारण उन्हाकडची बाजू आणि सावलीतली बाजू सारखी म्हातारी होत नाही.

लावू नये ते

डॅशबोर्ड पॉलिश, खोबरेल तेल, टाल्कम पावडर हे तिन्ही उपाय आपल्याकडे चालतात. पॉलिशमधलं सिलिकॉन चार दिवस चकाकी देतं, मग त्यावर धूळ बसून काळा राप तयार होतो. तेलाचंही तेच. पावडरनं चिकटपणा तात्पुरता झाकला जातो, लग्नाला जायचं असेल तर जरूर मारा, पण त्याला उपाय म्हणू नका. शिवाय सिलिकॉन आणि तेल राहिलं तर पुढे रंग मारायचा झाल्यास तो धरत नाही.

खरा धोका दुसऱ्या टोकाला आहे. रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल. थिनर फिरवला की थर झटक्यात निघतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं काम झालं. पण गाडीतल्या प्लास्टिकमध्ये एबीएस नावाचं कडक प्लास्टिक खूप असतं, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं. इतकं की एबीएसचे तुकडे जोडायला ॲसिटोनच गोंद म्हणून वापरतात. पॅडवर ते फिरलं की चामड्यासारखी नक्षी पुसली जाते, पृष्ठभाग लिबलिबीत होतो आणि वाळल्यावर पांढुरका डाग कायमचा राहतो. एनसी थिनरमध्ये टोल्युइन आणि त्याच्यासारखी इतर द्रावकं, म्हणजे विरघळवणारी द्रव्यं, असतात, परिणाम त्याच वाटेचा.

पेट्रोलचं नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. पॅड क्लिपांनी आणि स्क्रूनी ओढून बसवलेलं असतं, स्क्रूच्या बुडाशी, कोपऱ्यांत प्लास्टिक कायम ताणाखाली असतं. अशा ताणलेल्या जागी चुकीचं द्रावक पोहोचलं की केसासारख्या बारीक भेगा पडतात. आज काही दिसत नाही, पुढे कधीतरी दार जोरात आपटलं की स्क्रूचा बुंधाच तुटून हातात येतो. आणि बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठवणं हा प्रकार मुळातच नको. रॉकेलचा उपयोग स्टिकरचा चिकटा काढायला होतो, या थराला ते फारसं काही करत नाही आणि मागे तेलकट पडदा ठेवून जातं.

पॅड उलटं करून वाचा

बहुतेक भागांच्या पाठीमागे साच्यातच उठवलेली खूण असते. दोन कोनी कंसांच्या मध्ये प्लास्टिकचं संक्षिप्त नाव. ही आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणेची खूण, मूळ हेतू भंगारात प्लास्टिक वेगळं करता यावं हा, पण आपल्या कामाला ती सोन्यासारखी.

एबीएस लिहिलेलं असेल तर ॲसिटोन आणि थिनर वर्ज्य. पीसी अधिक एबीएस असेल तर ते पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण. तेही ॲसिटोनला घाबरतं आणि शिवाय तीव्र अल्कलीलाही. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. पीपी-टीडी२० असं असेल तर त्यात २० टक्के टाल्कची पूड मिसळलेली. पॉलिप्रोपिलीन द्रावकांना चांगलंच पुरून उरतं, पण रंग धरायला मात्र कटकट. पीएमएमए म्हणजे ॲक्रिलिक, मीटरवरची पारदर्शक काच बहुधा याचीच असते. तिच्यावर अल्कोहोलसुद्धा नको, बारीक जाळीदार भेगा पडतात. टचस्क्रीनही आपल्या कामातून वगळा, तिच्यावर स्वतःचा एक नाजूक थर असतो.

आयपीए आणि धीर

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला बाटलीत ठेवतात ते आयपीए. एबीएस, पीपी आणि पीसी-एबीएस तिन्हींना ते थोडा वेळ लागलं तर चालतं. सुरुवात त्यानंच करायची. तरी पाठीमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून, पाच मिनिटांनी नखानं दाबून बघायची सवय ठेवावी.

आयपीएबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. नीट गुंतलेल्या पॉलियुरेथेनला ते विरघळवत नाही, नुसतं फुगवतं. फुगलेल्या थराची खालची पकड सैल होते आणि तो खरवडता येतो. सडलेल्या भागातल्या साखळ्या मात्र आधीच आखूड झालेल्या असतात, त्या विरघळून काळा चिखल होतो. म्हणून अनुभव उलटा येतो. जिथे थर सगळ्यात वाईट झालाय तिथे तो दोन पुसण्यांत जातो, आणि जिथे अजून धडधाकट आहे तिथे हात दुखतो. अर्धं दार स्वच्छ झाल्यावर उरलेलं हलत नाही म्हणून लोक वैतागून थिनर आणायला जातात. तिथेच थांबावं.

शक्य असेल तर तो भाग काढून अंगणात किंवा गच्चीवर बसा. आयपीएची वाफ साधारण १२ अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीच्या पायांशी साठते. बेळगावच्या थंडीतली एखादी पहाट सोडली तर आपल्याकडे वर्षभर तापमान त्याच्या वरच. म्हणून विडी-सिगारेट, उदबत्ती, हीट गन यातलं काही जवळ नको. हातात नायट्राइलचे मोजे घाला. काचेच्या बटणांची पट्टी बहुधा चिमट्यांवर बसलेली असते. पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं एका टोकाकडून उचकटायची, स्क्रूड्रायव्हर घातला की कडेला चंद्रकोर पडते. आधी इग्निशन बंद, बॅटरीचं मायनस काढून काही मिनिटं थांबा, मग कनेक्टरची जीभ दाबून सोडवा. वायर ओढू नका. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत एका दाबात वर जाणारी काच ती सवय विसरते, ती मॅन्युअलप्रमाणे परत शिकवावी लागते.

आता पट्टी मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर. पांढरं सुती कापड घ्या, जुनं धोतर किंवा बनियन उत्तम. रंगीत कापडाचा रंग अल्कोहोलमध्ये सुटतो. कापड आयपीएत भिजवून पट्टीवर अंथरा, वरून प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा म्हणजे ते उडून जात नाही. दहा मिनिटांनी उचललं की थर सुरकुतलेला दिसतो, कडेला त्याच्या वळ्या पडलेल्या असतात. जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून ढकललं की तो एकसंध पट्टीसारखा पुढे गोळा होतो. हे बघायला फार समाधान वाटतं, खोटं कशाला बोला. गोळा झालेला चिखल लगेच उचलून टाका, तसाच ठेवला तर अल्कोहोल उडून तो पुन्हा तिथेच बसतो. मग ताजं कापड, एकाच दिशेनं पुसणं, कापडाची बाजू सतत बदलणं. नक्षीच्या खाचांत अडकलेलं काळं जुन्या टूथब्रशनं निघतं. ७० टक्क्यांचं आयपीए भिजवायला बरं, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते सावकाश उडतं. ९९ टक्क्यांचं शेवटच्या पुसण्याला आणि बटणांच्या आसपास.

हट्टी जागा पुन्हा भिजवायच्या. मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळतो, तो हलक्या हातानं चालतो, पण तोही बारीक घासकागदच आहे, चकाकणारे डाग पडतात. खरा घासकागद लावायचा तर नक्षी जाणार हे धरून चाला. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवायचं. वापरलेली कापडं घरात डब्यात कोंबू नका, बाहेर उघड्यावर वाळू द्या आणि मग टाका.

एक दुसरा मार्गही आहे, अल्कलीचा. एस्टरचा जोड पाण्यानं सावकाश फुटतो, तो कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीनं झपाट्यानं फुटतो. तेलातून साबण तयार होतो तो याच क्रियेनं. त्यामुळे ओव्हन साफ करायची तीव्र द्रावणं थर वितळवतात. ज्वलनाची भीती नाही हा फायदा. पण पॉलिकार्बोनेटला अल्कली चालत नाही, त्वचेला आणि डोळ्याला ते भयंकर, आणि दारावर ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती काळवंडून खाल्ली जाते. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना बाहेर काढायला कॉस्टिकच वापरतात, यावरून त्याची ॲल्युमिनियमशी किती जवळीक आहे ते समजावं. मी हा मार्ग सुचवणार नाही.

बटणांना हात लावण्याआधी

रात्री पार्किंग लाइट लावा आणि बटणांकडे बघा. चिन्ह आतून उजळत असेल तर त्या बटणाचं अंतरंग असं असतं: खाली प्रकाश जाऊ देणारं प्लास्टिक, वर पांढरा रंग, त्याच्यावर काळा. काळ्या थरात लेसरनं चिन्ह कोरलेलं. म्हणजे चिन्ह छापलेलं नाही, काळा रंग नसल्याची ती जागा आहे. आयपीएनं काळा पुसला की चिन्ह जातं आणि अख्खं बटण रात्री दिव्यासारखं पेटतं. एसीचं कुठलं, हॅझर्डचं कुठलं, काही कळत नाही.

अशा बटणाचा चिकटपणा कोमट साबणाच्या पाण्यानं, पिळून घेतलेल्या कापडानं जेवढा कमी होईल तेवढा करावा. त्याहून जास्त झालं असेल तर भंगारात तुटलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं बटण शोधणं शहाणपणाचं. चिन्हांचे पातळ स्टिकरही मिळतात, दिसायला सुमार, पण काम भागतं.

एअरबॅगची झाकणं हा तर न शिवायचाच भाग. स्टीअरिंगचा मधला गोल आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवरचा चौकोन. त्यांच्या आतल्या अंगाला ठरावीक रेषेवर प्लास्टिक मुद्दाम पातळ केलेलं असतं, अपघातात ते त्याच रेषेवर फाटावं म्हणून. तिथे द्रावक मुरलं किंवा वरून जाड रंग चढला तर झाकण कसं फाटेल याची खात्री राहत नाही. तिथला थर चिकट झाला असेल तर ओल्या कापडानं पुसून गप्प राहावं, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला झाकण बदलायला सांगावं. खर्चिक आहे, पण इथे काटकसर नको.

थर गेल्यावर काय

आतून बहुतेक वेळा काळं किंवा करड्या रंगाचं नक्षीदार प्लास्टिक निघतं. मखमली वाटत नाही, टकटक वाजतं, पण कोरडं असतं आणि कशानंही पुसता येतं. माझं स्पष्ट मत आहे, रंग जुळत असेल तर तसंच ठेवा. पुन्हा सॉफ्ट-टच मारणं म्हणजे काही वर्षांनी हाच उद्योग परत.

कधी मात्र खालून पिवळट किंवा पांढरं प्लास्टिक निघतं आणि दार चितकबरं दिसायला लागतं. मग रंगवणं आलं. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला टिंकरिंग-पेंटिंगचे शेड आहेत, तिथे असं संभाषण होतं:

"मामा, हे पॅड रंगवून मिळतंय काय?"

"मिळतंय की. पण हे चिकट काढून आणा आधी. याच्यावरच मारलो तर नवा रंगपण उचलून येतोय बघा. मग मला नावं ठेवणार तुम्ही."

मामाचं बरोबर आहे. नव्या रंगातलं द्रावक खालच्या सडलेल्या थरात शिरतं, तो आणखी मऊ होतो आणि वरचा रंग सुरकुतून भेगाळतो. थर पूर्ण निघाल्यावर एबीएसवर साधं प्लास्टिक प्रायमर आणि मॅट किंवा सॅटिन काळा पुरतो. पीपी असेल तर पेंटरला आधीच सांगा, कारण त्याला पकड धरणारं वेगळं प्रायमर लागतं. ते न लावता मारलेला रंग चिकटपट्टीबरोबर निघून येतो. पाठीमागची खूण त्याला दाखवलीत तर वाद होणार नाही. ज्यांना रंगाचा वास आणि वाट बघणं नको त्यांनी विनाईल रॅप करून घ्यावं, सपाट पट्ट्यांवर ते छान बसतं, खोल वळणांवर कडा उचलतात.

बसवताना घाई करू नका. धुतलेला भाग, विशेषतः क्लिपांच्या खोबणीत अडकलेलं पाणी, पूर्ण वाळू द्या. रंगवलेला असेल तर वास जाईपर्यंत घराबाहेर राहू द्या. पिचलेल्या क्लिपा परत ठोकू नका, नव्या घ्या, नाहीतर खराब रस्त्यावर पॅड खडखडत राहतं. कनेक्टर जोडा, मग बॅटरीचं मायनस, मग किल्ली फिरवा आणि चारही काचा वर-खाली होतात का, सेंट्रल लॉक लागतं का ते बघा. सगळं चालत असेल तरच पट्टी तळहातानं दाबून क्लिपा बसवा.